मोनो कार्ट्रिज कसं निवडावं? काय ऐकू येऊ नये, याचा विचार

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, ‘सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता कार्ट्रिजवर बोलणार?’ हो, बोलणार. ‘मोनो कार्ट्रिज’ हा शब्द बाजारात इतका सैलपणे वापरला जातो, की त्याची व्याख्या करायला एखादा नैयायिकच बसवावा लागेल. ते काम थोडंसं मला येतं.

आज तीन गोष्टी बघू. मोनो तबकडीत आवाज नेमका कुठे असतो? मोनो कार्ट्रिज कशाला म्हणायचं? आणि आपल्या घरात ज्या रेकॉर्डी आहेत, त्यांच्यासाठी काय घ्यावं, काय घेऊ नये?

हा प्रश्न आपला का आहे, ते आधी सांगतो. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, अब्दुल करीम खाँ यांचं जे गाणं तबकडीवर उतरलं, ते ७८च्या लाखेच्या तबकड्यांवर. म्हणजे सगळं मोनो. पुढे एलपी आली, तीही आपल्याकडे बराच काळ मोनोच होती. आमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची एलपी घ्या, ती मोनो आहे. आपल्या भिवंडीतल्या जुन्या घरांत कुठे नाट्यसंगीत सापडतं, कुठे कव्वाली, पद्मशाली मंडळींच्या घरी तेलुगू गाणी. भाषा वेगळ्या, पण जुना ऐवज बहुतेक मोनो. आणि हा ऐवज आज स्टीरिओ सुईखाली वाजतो, खरखरतो, आणि मग ‘रेकॉर्ड खराब झाली’ असं म्हणून भंगारात जातो.

मी स्वतः हे पाहिलं आहे. एका ओळखीच्या कारखानदारांनी वडिलांच्या दोन पेट्या रेकॉर्डी काढून टाकायच्या ठरवल्या होत्या. नवा टर्नटेबल आणला, लावून बघितलं, नुसती खरखर. विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं, ‘जुनं आहे, असंच वाजणार.’ आम्ही त्यातल्या एलपी मोनो बटण दाबून परत लावल्या. आवाज एकदम नवा झाला असं म्हणणार नाही, पण खरखर मागे गेली आणि गाणारा पुढे आला. ७८च्या तबकड्यांना मात्र वेगळी सुई लागली. पेट्या घरातच राहिल्या. रेकॉर्ड खराब आहे की आपली सुई चुकीची आहे, हे कळल्याशिवाय रेकॉर्ड टाकू नये, एवढी एक गोष्ट आजच्या व्याख्यानातून घरी नेलीत तरी पुरे.

आवाज कुठे असतो?

तबकडीच्या खाचेत सुई फिरते तेव्हा ती दोन दिशांनी हलू शकते. एक आडवी, म्हणजे डावी-उजवी. दुसरी उभी, म्हणजे वर-खाली. मोनो तबकडीत गाण्याचा सगळा मजकूर आडव्या हालचालीत असतो. इथे बसलेल्यांना मागाचं उदाहरण लगेच कळेल. ताणा उभा, बाणा आडवा, आणि धोटा आडवा धावतो. मोनो तबकडीचं सगळं गाणं बाण्यात आहे असं समजा.

स्टीरिओचं तसं नाही. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली एकाच खाचेत दोन आवाज बसवायची युक्ती पेटंट केली. खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत तिरक्या. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. बाजारात अशा तबकड्या यायला १९५७-५८ साल उजाडलं. या पद्धतीत दोन्ही आवाजांत जे समान आहे ते सुईला आडवं हलवतं, आणि दोघांत जो फरक आहे तो तिला वर-खाली हलवतो.

आता स्टीरिओ कार्ट्रिजखाली मोनो तबकडी ठेवा. कार्ट्रिज प्रामाणिक आहे. त्याला उभी हालचालही वाचायला शिकवलंय, ती ते वाचणारच. पण मोनो तबकडीत उभ्या दिशेने गाणं काहीच नाही. मग तिथे काय आहे? खाचेच्या तळाशी बसलेली धूळ. तबकडी वाकली असेल तर तिचा चढउतार. टर्नटेबलच्या यंत्राची घरघर, जी बरीचशी उभीच असते. आणि आणखी एक गंमत. खाच कापणारं हत्यार छिन्नीसारखं चपटं असतं, वाजवणारी सुई टोकाला गोल असते. खाच वळण घेते तिथे ती किंचित अरुंद होते आणि गोल सुई चिमटीत सापडल्यासारखी वर उचलली जाते. प्रत्येक आवर्तनात दोनदा. म्हणजे गाण्यात नसलेला, दुप्पट कंपनांचा एक स्वर उभ्या दिशेने तयार होतो. स्टीरिओ कार्ट्रिज हे सगळं इमानेइतबारे तुमच्या कानापर्यंत पोचवतं.

भिवंडीकरांना धुळीबद्दल वेगळं सांगायला नको. कापसाचा एक तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाडीचा असतो, आणि एलपीच्या स्टीरिओ सुईच्या गोल टोकाची त्रिज्या असते सुमारे १८ मायक्रॉन. आपल्या हवेत जे उडतं ते बरोबर सुईच्या मापाचं आहे.

लक्षण काय करायचं?

न्यायशास्त्रात एखाद्या वस्तूचं लक्षण करताना तीन दोष टाळायला सांगतात. गायीचं लक्षण ‘शिंगं असणं’ असं केलं, तर ते म्हशीलाही लागू पडतं, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस रंग असणं’ म्हटलं, तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. ‘एकसंध खूर असणं’ म्हटलं, तर एकाही गायीला लागू पडत नाही; हा असंभव.

आता बघा. ‘मोनो रेकॉर्ड वाजवतं ते मोनो कार्ट्रिज’ असं म्हटलं, तर जगातलं प्रत्येक स्टीरिओ कार्ट्रिज त्यात येतं. अतिव्याप्ती झाली. काही हट्टी संग्राहक म्हणतात, ‘एकच कॉइल असेल तेच खरं मोनो.’ मग ज्यांत दोन कॉइल आहेत पण आतल्या आत जोडलेल्या आहेत आणि काम चोख होतं, ती सगळी सुटतात. अव्याप्ती झाली. म्हणून माझं लक्षण असं: उभ्या हालचालीचा आवाज जे बाहेर देत नाही, ते मोनो कार्ट्रिज. म्हणजे त्याची ओळख ते काय ऐकतं यावरून होत नाही, काय ऐकत नाही यावरून होते.

या लक्षणात बसणारे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, कार्ट्रिजची घडणच अशी की उभ्या हालचालीने त्यात वीज निर्माणच होत नाही. डेनॉनचं डीएल-१०२ या जातीचं. त्याला मागे चारऐवजी दोनच पिना असतात.

दुसरा मार्ग, आतून स्टीरिओच, पण दोन्ही बाजू आतच अशा जोडलेल्या की उभ्या हालचालीचे दोन संकेत एकमेकांच्या विरुद्ध येऊन मिटतात. ऑर्टोफोनचं टूएम मोनो साधारण या वाटेने जातं. बाहेर चार पिना असतात, त्यामुळे नेहमीच्या टोनआर्मला जोडायला सोपं.

तिसरा मार्ग, कार्ट्रिज साधं स्टीरिओ, आणि पुढे ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण. बटण दाबलं की डावा-उजवा एकत्र होतात. गाणं दोन्हीकडे सारखं असतं, ते दुप्पट होतं. उभ्या हालचालीचा कचरा दोन्हीकडे उलट असतो, तो कटतो. आणि ज्या खरखरीचा दोन्ही बाजूंत काही संबंधच नाही, तीसुद्धा गाण्याच्या तुलनेत ३ डेसिबलने मागे पडते.

मग तिन्ही सारखेच का? पुष्कळ अंशी हो, आणि हे विक्रेते सांगत नाहीत. फरक उरतो तो मुख्यतः सुईच्या टोकात, आणि दोन्ही बाजूंचा तोल किती नेमका आहे त्यात. तोल ढळला असेल तर कचरा पुरता कटत नाही. पहिल्या जातीत तो प्रश्नच येत नाही, हा तिचा खरा फायदा.

सुईचं माप

इथे खरी निवड आहे. दिशा एक झाली, आता रुंदी बघायची. तीन मापं लक्षात ठेवा.

७८च्या तबकडीची खाच रुंद. तिला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. १९४८ साली अमेरिकेत कोलंबियाने एलपी आणली तेव्हा खाच बारीक झाली. त्या काळच्या मोनो एलपीसाठी सुई असे २५ मायक्रॉनची. स्टीरिओ आल्यावर ती आणखी बारीक झाली, १८ मायक्रॉनच्या आसपास.

७८ची तबकडी एलपीच्या सुईने वाजवली तर काय होतं? सुई भिंतींना टेकतच नाही. ती तळाशी पडते, तिथल्या धुळीत आणि ओरखड्यांत लोळत जाते. जी भयानक खरखर ऐकू येते ती बरीचशी तळाची असते, गाणं वर भिंतीवर तसंच राहतं. उलट, एलपीवर ७८ची सुई टेकवली तर ती खाचेत मावत नाही आणि भिंतींच्या कडा घासून टाकते. पहिल्या चुकीत सुई झिजते आणि गाणं हुकतं, दुसरीत रेकॉर्डच जाते. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी तर कधीच लावू नका. त्याच्या साउंडबॉक्सचं वजन १०० ग्रॅमच्या वर जातं. आजचं कार्ट्रिज २ ते ५ ग्रॅमवर चालतं.

पुष्कळ घरांत अजून जुने प्लेअर आहेत, एचएमव्ही फिएस्टासारखे. त्यांच्या सिरॅमिक कार्ट्रिजला बहुधा उलटी-सुलटी होणारी सुई असते, एक बाजू ७८ची, एक एलपीची. कल्पना उत्तम होती. पण ती सुई नीलमण्याची असेल तर शंभरेक तासांच्या आतच झिजते, आणि घरात ती तीस-चाळीस वर्षं बदललेली नसते. झिजलेली सुई ही छिन्नीच होते. अशा प्लेअरवर आवडती रेकॉर्ड लावायच्या आधी सुई बदला. मिळत नसेल तर प्लेअर शोभेला ठेवा.

मग घ्यावं काय?

आधी घरातल्या रेकॉर्डी बाहेर काढा आणि तीन गठ्ठे करा. ७८ वेगळ्या, मोनो एलपी वेगळ्या, स्टीरिओ वेगळ्या. एचएमव्हीच्या भारतीय एलपींवर क्रमांकाच्या आधीची अक्षरं बघा. ईएएलपी आणि ईसीएलपी या मोनो. ईएएसडी आणि ईसीएसडी या स्टीरिओ. लेबल आणि वेष्टण दोन्ही तपासा, कारण वेष्टणं अदलाबदल झालेली असतात.

गठ्ठे झाल्यावर कुठला मोठा आहे ते बघा. निर्णय तो गठ्ठा देईल.

मोनो एलपी दहा-वीसच असतील तर नवं कार्ट्रिज घेऊ नका. ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण आहे का बघा. नसेल तर फोनो ॲम्प्लिफायरच्या पुढे मोनो स्विच बसवून घेता येतो. गावातला चांगला रेडिओ-दुरुस्ती करणारा हे करून देईल. गोल टोकाची साधी सुई आणि मोनो बटण, एवढ्याने नव्वद टक्के काम भागतं. हे ‘नव्वद टक्के’ मोजून सांगत नाही, बोलायची रीत म्हणून म्हणतो.

मोनो एलपी शेकड्यांत असतील, रोज ऐकत असाल, तर स्वतंत्र मोनो कार्ट्रिज घ्या. टूएम मोनो किंवा ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम६१० मोनो यांना नेहमीचा मूव्हिंग मॅग्नेटचा इनपुट चालतो. डीएल-१०२ हे मूव्हिंग कॉइल असूनही ३ मिलिव्होल्ट देतं, त्यामुळे तेही त्याच इनपुटवर चालतं. मात्र त्याला ३ ग्रॅमच्या आसपास भार लागतो, आणि नाजूक हलक्या टोनआर्मवर ते बसत नाही. आधी आपला टोनआर्म बघा, मग कार्ट्रिज. नवरदेव बघून घोडा निवडतात, घोडा बघून नवरदेव नाही.

२५ मायक्रॉनची सुई हवी की १८ची? १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोनो तबकड्यासुद्धा पुष्कळदा स्टीरिओच्या कटरवर कापल्या गेल्या. त्यांना आणि आजच्या पुनर्मुद्रणांना १८ची सुई बरोबर. त्याआधीच्या एलपी २५ने भरदार वाजतात. पण एक मेख आहे. त्या रेकॉर्डी मूळ काळात २५च्या जड सुईने वर्षानुवर्षं वाजल्या असतील, तर भिंतीचा तोच पट्टा झिजलेला असतो. बारीक सुई थोडी खाली, न झिजलेल्या जागी टेकते आणि कधीकधी जास्त स्वच्छ ऐकवते. म्हणून इथे नियम नाही, प्रयोग आहे.

७८च्या तबकड्या असतील तर मोनो बटणाच्याही आधी सुई. ऑर्टोफोन टूएम ७८ची सुई ६५ मायक्रॉनची आहे, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम६७०एसपीची साधारण ७५ची. शुअर कंपनीच्या जुन्या कार्ट्रिजांना ७८ची सुई बदलून बसवता यायची, पण शुअरने २०१८ साली कार्ट्रिज बनवणं थांबवलं. त्यामुळे बाजारात ‘शुअरची सुई’ म्हणून जे मिळतं, ते कोणी बनवलंय हे विचारून घ्या. आणि टर्नटेबलला ७८चा वेग आहे का, हेही आधी बघा. नव्या पुष्कळ टर्नटेबलना नसतो.

साफसफाईचं एकच सांगतो, पण ते विसरू नका. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, अल्कोहोल कधीही लावायचं नाही. लाख त्यात विरघळते. शुद्ध पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं, आणि लगेच पुसून वाळवायचं. पावसाळ्यात पांढरी बुरशी येते तीही अशीच जाते.

सुई आणि तबकडी

आता थोडं माझ्या प्रांतातलं. आपण समजतो, गाणं तबकडीत आहे आणि सुई नुसती ते काढून देते. खरं तर तबकडीत फक्त खाच आहे. तिच्यातलं काय गाणं आणि काय कचरा, हे खाच सांगत नाही. हे ठरवतं वाचणारं.

याचा उत्तम पुरावा एका वेगळ्या तबकडीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याचे हेमेंद्रमोहन बोस यांनी फ्रान्सच्या पाथे कंपनीकडून तबकड्या काढल्या. पाथेच्या त्या काळच्या तबकड्यांत आवाज उभा कापलेला असे, वर-खाली. तिच्यावर आपलं उत्तमातलं उत्तम मोनो कार्ट्रिज ठेवा. काय ऐकू येईल? खरखर. गाणं सगळं उभ्या दिशेत, आणि तेच आपण कटाक्षाने वगळलेलं. तिथे स्टीरिओ कार्ट्रिज घेऊन एका बाजूच्या तारा उलट्या जोडाव्या लागतात, म्हणजे आडवं कटतं आणि उभं उरतं. एका तबकडीचा कचरा तो दुसरीचं गाणं.

१९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली. तीत आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पाठवणाऱ्यांनी तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुईही ठेवली, आणि वेष्टणावर ती कशी वाजवायची याच्या खुणा कोरल्या. ती माणसं शहाणी होती. नुसती तबकडी पाठवून उपयोग नाही, वाचण्याची रीत बरोबर द्यावी लागते, हे त्यांना कळलं होतं. आपण मात्र वडिलांच्या रेकॉर्डी पुढच्या पिढीला देतो, सुई देत नाही, आणि वर म्हणतो, पोरांना जुन्या गाण्याची गोडी नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

एका ताईंनी विचारलं, मोनो कार्ट्रिजवर स्टीरिओ रेकॉर्ड लावली तर खराब होते का? कार्ट्रिजवर अवलंबून आहे. सुईला वर-खाली लवचिकपणा असेल, जसा टूएम मोनो किंवा डीएल-१०२मध्ये आहे, तर इजा होत नाही, फक्त आवाज मोनो येतो. पण स्टीरिओच्या आधीच्या काळातली जी जुनी मोनो कार्ट्रिजं आहेत, त्यांना उभा लवचिकपणा जवळपास नसतो. ती स्टीरिओ खाच खरवडतात. माहिती नसेल तर लावू नका.

मागच्या रांगेतल्या एका तरुणाने विचारलं, आजोबांच्या ७८च्या रेकॉर्डी संगणकावर घ्यायच्या आहेत, तर मोनो कार्ट्रिजच वापरू का? चांगला प्रश्न. ऐकण्यासाठी मोनो, पण जतन करण्यासाठी उलट सल्ला देतो. सुई ७८च्याच मापाची, मात्र कार्ट्रिज स्टीरिओ, आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या नोंदवून ठेव. पुष्कळदा खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते. नंतर दोन्ही मिसळायच्या की चांगली तेवढी घ्यायची, हे सावकाश ठरवता येतं. आज वगळलेलं उद्या परत मिळत नाही. आणखी एक. १९५४ साली रिआ नावाचं प्रमाण ठरलं, आजचे सगळे फोनो इनपुट त्यावर चालतात. ७८ त्याआधीच्या पद्धतीच्या. त्यामुळे त्यांचा तीव्र सप्तकातला आवाज दबलेला वाटेल, तो थोडा उचलून घे. रेकॉर्डचा क्रमांक, कंपनी, गायक, सगळं लिहून ठेव. मुंबईत १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था याच कामात आहे, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचं नियतकालिक. त्यांचे अंक बघ, पुष्कळ माहिती मिळेल.

आज इथेच थांबू. घरी गेल्यावर कार्ट्रिजच्या किमती शोधत बसू नका. आधी पेटी उघडा आणि गठ्ठे करा.